‘छाट’ : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका नाटकाच्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

विधानसभेची आचारसंहिता उठली. आता गल्लीत पन्नास माणसं जमवली तरी कुणी प्रचार समजणार नाही. अंगणवाडीच्या खोलीत पहिली बैठक झाली. हजर : यंत्रमागावरचे जॉबरदादा, कॉलेजची दोन पोरं, नर्सिंगला असलेली एक मुलगी, अंगणवाडीच्या अक्का आणि नोंदी ठेवायला मी.

विषयावरच निम्मी बैठक गेली. पोरांना ‘बेरोजगारी’ हवी होती. जॉबरदादा म्हणाले, “बघायला कोण येणार? बेरोजगारच ना. त्यांना तू काय नवीन सांगणार बे?” मग अक्कांनी विडी वळणाऱ्या बायकांचा विषय काढला. अशोक चौकापासून पुढे कुठल्याही गल्लीत शिरा, उंबऱ्यावर मांडीत सूप घेतलेली बाई दिसतेच. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या, पुरुष घरी बसले आणि चूल या सुपावर आली. तरी सोलापूरची ओळख सांगताना चादर पहिली येते, टॉवेल दुसरा, आणि विडीवाली बाई कुणाला आठवली तर आठवली.

नर्सिंगवाल्या मुलीची हरकत रास्त होती. विडी वाईट, तंबाखूची धूळ वाईट, दमा नि टीबी ती वॉर्डात रोज बघते. मग आपण विडीची बाजू घेणार का? ठरलं ते असं : विडीची बाजू घ्यायची नाही, बाईची घ्यायची. हे दोन वेगळे ठेवणं प्रयोगात किती जमेल ते पुढे कळेल.

भाषणबाजी नको, यावर मात्र एकमत.

१५ डिसेंबर

माहिती गोळा करायला अक्कांच्या ओळखीच्या घरी बसलो. तिथे वही काढली की बोलणं थांबतं, म्हणून वही पिशवीतच राहिली. जे लक्षात आहे ते लिहितो.

पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. वाळली की कापताना चिरतात, आणि चिरलेलं पान बाईच्या हिशोबातून जातं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरते. मग चिमूटभर तंबाखू, वळणं, दोरा, तोंड मोडणं. बोलताना हात एकदाही थांबत नाही, नजरही खाली जात नाही. आठवीतली मुलगी शेजारी बसून फक्त तोंडं मोडत होती. अभ्यासाचं विचारलं तर म्हणाली, “हे झाल्यावर.”

सगळ्यांच्या बोलण्यात फिरून फिरून एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे छाट, खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या. मजुरी हजार विड्यांवर. माल ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या माल घेणाऱ्या केंद्रावर, नेला की चेकर विड्यांचा कट्टा (जुडी) हातात घेतो, बघतो, काही विड्या बाजूला टाकतो. बारीक आहे, सैल आहे, पान काळं आहे. बाजूला गेली तिची मजुरी नाही. पान कारखान्यानंच दिलेलं, काळं असलं तर तो दोष बाईचा कसा, हे कुणी विचारत नाही. त्यातही, छाटलेल्या विड्या परत मिळत नाहीत. त्या जातात कुठे, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच देत नाही.

नाटकाचं नाव तिथंच ठरलं.

२२ डिसेंबर

वाचनाची बैठक. पोरांना वाटत होतं की ‘नाटकातून समाजबदल’ ही परदेशातून आलेली कल्पना आहे. म्हणून आधी आपल्याकडचं घेतलं, परदेशातलं शेवटी.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहदशेच्या नावानं नाडतो, मध्ये मध्ये विदूषक येऊन प्रेक्षकांशी बोलतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. मला हा शेवट फार महत्त्वाचा वाटतो. ती शाळा नुसती नाटकात नव्हती, जोतीराव आणि सावित्रीबाई खरोखर शाळा चालवत होते. नाटक बघून उठलेल्या माणसाला जायला एक दार होतं.

पुढे १८७३ नंतर सत्यशोधकांचे जलसे निघाले, त्यामागे सत्यशोधक समाज होता. आंबेडकरी जलसे निघाले, भीमराव कर्डकांसारखे लोक गावोगाव फिरले, त्यामागे चळवळ होती. आपल्याच जिल्ह्यातले, बार्शीचे अमर शेख गिरणीत काम केलेले. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, त्यामागे पक्ष आणि युनियन होती. १९८३ मध्ये ‘मुलगी झाली हो’ आलं, त्याच्या मागे स्त्री मुक्ती संघटना होती आणि संघटनेचं काम नाटकाच्या आधीपासून सुरू होतं.

पोरांनी विचारलं, मग कलेचं काय? प्रश्न बरोबर आहे. अमर शेखांचा आवाज नसता तर नुसत्या युनियनच्या पत्रकानं मैदान भरलं नसतं. पण मैदान रिकामं झाल्यावर माणसं कुठे गेली, हे कुणी बघितलं, त्यावर पुढचं सगळं ठरलं.

शेवटी ऑगस्टो बोआल. ब्राझीलचा हा दिग्दर्शक १९७३ मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत होता. प्रेक्षकांनी तोडगे सुचवायचे आणि नटांनी ते करून दाखवायचे, अशी त्याची तऱ्हा. एका बाईनं सुचवलेलं नटांना काही केल्या जमेना. ती वैतागली, तेव्हा बोआलनं तिलाच रंगमंचावर बोलावलं. तिथून फोरम नाटक निघालं. प्रसंग पेचावर थांबतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि प्रेक्षकांतल्या कुणीही “थांबा” म्हणून नटाची जागा घ्यायची. मधल्या सूत्रधाराला तो ‘जोकर’ म्हणायचा. जॉबरदादा म्हणाले, “म्हणजे आपला विदूषकच की.” जोकर तेच होणार.

२ जानेवारी २०२५

तालीम होती, पण आज थोडा वेळ जन नाट्य मंच या पथनाट्य संचाच्या सफदर हाश्मींबद्दल बोललो. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला कामगार वस्तीत ‘हल्ला बोल’ चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला, सफदर दुसऱ्या दिवशी गेले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलोयश्री हाश्मी आणि मंचाचे साथी त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. धाकट्या पोरानं विचारलं, “आपल्याला पण मारतील का?” अक्का म्हणाल्या, “तू आधी संवाद पाठ कर.”

तालीम ढिली. चेकर फार खलनायकी होतोय. मिशा काढून टाकायला सांगितल्या.

१२ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. कुणीही तालमीला येणार नव्हतं, कुणी आलंही नाही. सकाळी चार हुतात्मा चौकात जाऊन आलो. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३१ ला याच तारखेला येरवड्यात फाशी. एका पोराची कल्पना होती की आज इथंच प्रयोग करावा. मी विरोध केला. इथे हारांची रांग असते, कॅमेरे असतात, विडीवाली बाई नसते.

२८ जानेवारी

परवानगीचं प्रकरण. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. आमच्या नाटकाचा अर्धा भाग प्रेक्षक बोलणार. तो आधी कसा लिहून द्यायचा? जॉबरदादांचा सल्ला : “लिहा, ‘येथे बायका बोलतील’.” शेवटी पेचापर्यंतचा प्रसंग संहिता म्हणून लिहिला आणि पुढच्या भागाला ‘चर्चा’ म्हटलं. स्पीकर लावायचाच नाही, म्हणजे पोलीस ठाण्यातला एक अर्ज कमी.

याच आठवड्यात एका ठिकाणाहून योजनेच्या प्रचाराचं पथनाट्य करायला बोलावणं आलं. मानधन चांगलं. पोरांना हवं होतं आणि मी नको म्हणणारा कोण? असली कामं करूनच कितीतरी कलावंतांचं घर चालतं. फक्त ‘छाट’च्या तारखा सोडून करा म्हटलं. त्या नाटकात प्रेक्षकानं “थांबा” म्हणायची सोय नसते, हे पोरांच्या आपोआप लक्षात येईल.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला प्रयोग. तारीख पाण्यानं ठरवली. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, पाण्याच्या दिवशी नाटक म्हणजे रिकामी गल्ली. वेळ रात्री साडेआठ, कारण माल देऊन, स्वयंपाक आवरून बायका तेव्हाच बसतात. बसतात म्हणजे सूप घेऊनच बसतात. हलगी वाजवली तर आधी नुसती पोरं आली, मग वरात आली का बघायला पुरुष आले, आणि बायका सगळ्यात शेवटी आपापल्या ओट्यावर. शेजारच्या मागांचा खडखडाट चालूच होता. जॉबरदादांनी ओळख काढून दोन माग तासभर बंद ठेवायला लावले.

प्रसंग साधा. बाई कट्टे घेऊन ब्रँचला येते. चेकर बोटांनी चाचपतो, विड्या बाजूला टाकतो. बाई गयावया करते. “पान काळं तुम्हीच दिलंत,” असं तोंडात येतं आणि गिळते. घरी नवरा विचारतो, पैसे एवढेच? मुलगी शाळेच्या फीचं काढते. बाई मुलीच्याच अंगावर ओरडते. बास. सात-आठ मिनिटं. संवाद अर्धे मराठी, अर्धे तेलुगू.

पहिल्या वेळी शांतता. मागून कुणीतरी म्हातारी दुसरीला म्हणाली, “त्यांनी काय करूलालेत?” जोकरनं विचारलं, हे असंच होतं का? हशा. मग एकदम दहा जणी बोलायला लागल्या, चेकरची नक्कल कशी चुकली ते सांगायला. विडी तो अशी धरत नाही, अशी धरतो. पैसे टाकतो ते हातात नाही, फळीवर टाकतो. एकीनं उठून आमच्या नटाचं बोट धरून नीट करून दिलं. हा दुरुस्तीचा भाग आम्ही योजला नव्हता, पण लोक मोकळे झाले ते यातच.

दुसऱ्यांदा प्रसंग सुरू. एका तरुण सुनेनं “थांबा” म्हटलं, आत आली, चेकरशी भांडली. चेकर झालेला पोरगा तयारीचा, त्यानं सरळ कामाचं कार्ड परत दिलं, “उद्यापासून येऊ नका.” ती गप्प झाली. सगळ्या गप्प झाल्या. मग एका बापयानं आत येऊन सगळ्यांनी काम बंद करावं, असं भाषण केलं. बायकांनी ऐकून घेतलं. त्याच्या घरची चूल कशावर चालते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा ओट्यावरची एक मावशी उठली. साठीच्या पुढची असावी. सूप खाली ठेवलं, मांडीवरची तंबाखू झटकली, आली. चेकरनं नेहमीप्रमाणे विड्या बाजूला टाकल्या. ती भांडली नाही. म्हणाली, “छाट आहे ना?”

“हो, छाट.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग माझ्यासमोर मोड.”

पोरगा थांबला. त्याला संवाद सुचेना. तिनं फळीवरची एक विडी उचलून त्याच्या हातात दिली. “वाईट आहे म्हणतोस. मोड. पैसे नको मला. मोड आणि टाक.” त्यानं जोकरकडे बघितलं. जोकर, म्हणजे जॉबरदादा, मुद्दाम आकाशाकडे बघत होते. पोरगा म्हणाला, “मालक रागावतील.” मावशी म्हणाली, “एंदुकु (का)? वाईट विडीला मालक रडतो का?”

अख्खी गल्ली फुटली. पुढचं काही ऐकू आलं नाही.

टाळ्यांपेक्षा मला मोलाची वाटली ती त्या प्रश्नाची जागा. मजुरी वाढवा ही मागणी सगळ्या मागतात, तिचं उत्तर मालकाकडे तयार असतं. हिनं मजुरी मागितलीच नाही. हिशोबातलं नेमकं भोक दाखवलं आणि तेही चेकरच्याच शब्दात त्याला अडकवून. आम्ही खोलीत बसून हे कधीच लिहू शकलो नसतो.

१८ फेब्रुवारी

अक्कांकडून कळलं. नाटक बघितलेल्या काही बायकांनी एका ब्रँचमध्ये खरोखरच “आमच्यासमोर मोडा” म्हटलं. चेकर हसला, एक-दोन विड्या मोडल्याही. पण पुढच्या आठवड्यात नेमक्या त्याच बायकांना पान कमी मिळालं. कारण सांगितलं : माल आला नाही. शेजारणीला आला होता. लेखी काहीच नाही, म्हणजे तक्रार करायला हातात काही नाही. पान कमी म्हणजे विडी कमी, विडी कमी म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातही कमी.

मावशी त्यात नव्हत्या. त्यांना मुलगा आहे, तो पुण्याला कमावतो. हे पण नोंदवायला हवं.

२३ फेब्रुवारी

तातडीची बैठक. कॉलेजची पोरं हादरली होती. एक म्हणाला, बंद करू. दुसरा म्हणाला, आता तर दुप्पट करू. अक्का दोघांवर चिडल्या, “तुमचं पान कमी होत नाही.”

बोआलचीच एक गोष्ट सांगितली. तरुणपणी त्याची मंडळी ईशान्य ब्राझीलमध्ये शेतकऱ्यांपुढे लढ्याचं नाटक करायची. हातात बंदुका, ओठांवर रक्त सांडायची गाणी. प्रयोगानंतर विर्जिलिओ नावाचा एक शेतकरी भारावून म्हणाला, चला, बंदुका घ्या, आत्ताच जमीनदारावर चालून जाऊ. नटांनी कबूल केलं की बंदुका लाकडी आहेत. ठीक आहे, तो म्हणाला, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही नुसते या. नट म्हणाले, आम्ही खरे आहोत, पण आम्ही कलावंत आहोत. विर्जिलिओला उमगलं की सांडायचं रक्त त्याचं होतं. त्या दिवसानंतर बोआलनं तयार उत्तराचं नाटक सोडलं.

पण फोरम नाटकही इथे पुरत नाही, असं माझं मत झालंय. उत्तर बाईनंच शोधलं म्हणून जोखीम नाटकवाल्यांची होत नाही, तिचीच राहते. बोआल स्वतः १९९२ मध्ये रिओच्या नगरपालिकेत निवडून गेला आणि लोकांच्या नाटकांतून आलेले प्रस्ताव सभागृहात नेऊ लागला, त्यातून काही कायदे झाले. म्हणजे त्यालाही रंगमंचाबाहेर एक खुर्ची लागलीच.

निर्णय : प्रयोगाला विडी कामगार युनियनच्या ताई हजर असतील तरच प्रयोग. नुसत्या पाहुण्या म्हणून नाहीत. शेवटी जे निघेल ते त्या लिहून घेतील आणि पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीत परत येतील. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमात कच्चा माल देणं, छाट आणि छाटलेल्या विडीची मजुरी, या तिन्ही तंट्यांची सोय आहे (नंतरची टीप : हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता). म्हणजे मावशींनी रात्री गल्लीत विचारलं ते कायद्यात आधीच बसतं, पण एकटीनं विचारलं तर पान कमी होतं आणि चाळीस जणींच्या सहीनं अर्ज गेला तर त्याला आवक नंबर पडतो.

९ मार्च

कुंभारी, गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुल. शहरातल्या गल्लीपेक्षा सगळंच वेगळं. इथली १० हजार घरं युनियनच्या लढ्यातून उभी राहिली, २००६ मध्ये किल्ल्या मिळाल्या. इथे बाई “मी” म्हणत नाही, “आम्ही” म्हणते. प्रसंग पहिल्यांदा संपायच्या आतच एकीनं “थांबा” म्हटलं आणि आत येताना शेजारच्या चौघींना हाताला धरून आणलं. फोरमच्या नियमात एका वेळी एकच माणूस आत येतो. जॉबरदादांनी नियम सोडून दिला, ते बरं केलं. पाच बायका ओळीनं उभ्या राहिल्यावर आमच्या चेकरचा आवाजच बसला.

रमजान चालू असल्यानं वस्तीतल्या मुस्लिम बायका इफ्तार आवरून उशिरा आल्या. त्यांच्यासाठी प्रसंग पुन्हा केला. युनियनच्या ताईंनी छाटेच्या तारखा, ब्रँच आणि अंदाजे विड्या लिहायला एक साधा तक्ता वाटला. अक्षर येत नसेल तर मुलीनं भरायचा.

२३ मार्च

सेटलमेंट भागातून दोन तरुण आले. म्हणाले, विडीवर करता, आमच्यावर कधी? सोलापूरची सेटलमेंट म्हणजे ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्यांना इंग्रजांनी कोंडलेली तारेच्या कुंपणाची वसाहत. १८७१ पासून चालत आलेला हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. कुंपण गेलं, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली कुठे वळते, ते त्यांनी सांगितलं. त्यांना अहमदाबादच्या छारानगरमधल्या बुधन थिएटरबद्दल सांगितलं. बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर पोलीस कोठडीत मारला गेला, त्यावरच्या नाटकातून १९९८ मध्ये छारा समाजाच्या पोरांनी तो संच उभा केला.

आम्ही त्यांचं नाटक बसवावं असं त्यांना वाटत होतं. मी नाही म्हटलं. हलगी, तालमीची जागा, परवानगीचा मसुदा, जोकरची तयारी हे सगळं देऊ. नट आणि प्रसंग त्यांचे. थोडे नाराज झाले. परत येतील असं वाटतं.

१२ एप्रिल, शनिवार

सफदर हाश्मींचा जन्मदिवस, देशभर पथनाट्य दिन. एका मंडळानं बंद नाट्यगृहात प्रयोग ठेवायचा आग्रह धरला, वातानुकूलित, तिकीट नाही. चाळिसाच्या वर पारा असताना मोह कुणाला होणार नाही? पण रात्री साडेआठला सूप घेऊन तिथे कोण येणार? नकार कळवला. पोरं दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीत.

तक्ते : पहिल्या गल्लीतून बरेच आले, काही कोरे, काहींत मुलींनी शेजारी चित्रं काढलेली. ताईंनी अर्ज दिला आहे. सुनावणीची तारीख यायची आहे. पान कमी झालेल्या बायकांपैकी काहींचं पूर्ववत झालं, काहींचं अजून नाही.

आणि मुख्य नोंद. त्या गल्लीतल्या बायकांनी आमचा प्रसंग बाद केला आहे. त्यांनी स्वतःचा बसवलाय. त्यात चेकर हा खलनायक नाही. त्याची बायकोही विडीच वळते आणि तिचीही छाट होते. चेकरचं काम मावशी करणार. मला हा प्रसंग लांबलेला वाटतो, चेकरच्या घरचा भाग तर कापायलाच हवा. तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या, “तुम्ही हलगी वाजवा.”

पुढचा प्रयोग पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, साखर पेठेत. हलगीचं कातडं सैल झालंय, सोमवारी बदलून आणणे. तक्त्याच्या दोनशे झेरॉक्स, मराठी आणि तेलुगू दोन्ही.